अंडरफ्लोअर हीटिंगसाठी सर्क्युलेशन पंप कसा निवडायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मागच्या बाजूला किचन वाढवलं तेव्हा तळमजल्याला पाण्याचं अंडरफ्लोअर हीटिंग, म्हणजे फरशीखालच्या पाइपातून गरम पाणी फिरवून घर तापवायची सोय, करून घेतलं, आणि पहिला अख्खा हिवाळा त्या पंपाशी झगडण्यात गेला. तेव्हापासून ओळखीतली मराठी मंडळी घर घेतली किंवा एक्स्टेन्शन काढलं की फोन करतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढतोय. उदाहरणं इंग्लंडमधली आहेत, कारण मला इथलं माहीत आहे. जर्मनी-नेदरलँड्समध्ये असाल तरी पाण्याचा हिशोब तोच लागू होतो.

पंप लागतोच कशाला? गरम पाणी आपोआप नाही का फिरणार?

पुण्यात गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतो त्याला बऱ्याच वेळा पंप नसतो, तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि गार खाली येतं. ते जमतं कारण तिथे चढ आहे, अंतर कमी आहे. जमिनीखाली १६ मिमीचा पाइप आडवा पसरलेला असतो, आतून जेमतेम १२ मिमीचा, एकेक लूप, म्हणजे पाइपाचा एक पूर्ण वेढा, ८०-१०० मीटर लांब, आणि जाणारं-येणारं पाणी यांच्यात फरक सात-आठ डिग्रीचा. एवढ्यावर पाणी आपोआप हलत नाही, कोणीतरी ढकलावंच लागतं.

बॉयलरमध्ये पंप आहेच की, मग मॅनिफोल्डवर दुसरा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या लूपची तोंडं जिथे एकत्र जोडलेली असतात तो भाग. बॉयलर रेडिएटरसाठी ६०-७० डिग्रीचं पाणी पाठवतो. ते तसंच जमिनीत सोडलं तर पाय भाजतील, स्क्रीडला, म्हणजे पाइप झाकणाऱ्या जमिनीच्या थराला, तडे जातील आणि लाकडी फ्लोअर असेल तर ते वाकेल. जमिनीला ३५ ते ४५ पुरतं. म्हणून मॅनिफोल्डवर मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो लूपमधून परत आलेलं कोमट पाणी घेतो, त्यात बॉयलरचं थोडंसं कडक पाणी मिसळतो आणि परत लूपमध्ये पाठवतो. हे जे कोमट पाणी गोल गोल फिरत राहतं ते फिरवणं मॅनिफोल्डच्या पंपाचं काम, बॉयलरच्या पंपाचा जोर तिथपर्यंत पोचत नाही.

बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, असेल आणि घरात फक्त अंडरफ्लोअरच असेल, तर हीट पंप मुळातच ३५-४० चं पाणी देतो, मिक्सिंग लागत नाही आणि बऱ्याच घरात एकाच पंपावर भागतं. तेव्हा मिक्सिंगवाला मॅनिफोल्ड विकायला आले तर आधी विचारा की हा कशासाठी.

घर दोन मजली आहे, मग जास्त हेडचा पंप घ्यायला हवा ना?

नाही. आणि ही एक गोष्ट नीट कळली की निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील सांगली जिल्ह्यातले, विहिरीवर पाच एचपीची मोटर. त्यांना फोनवर सांगितलं की घरात पंप बसवलाय तर पहिला प्रश्न, किती एचपीचा आणि किती फूट उचलतो. विहिरीवरचा पंप खरंच पाणी उचलतो, खाली पाणी आहे, वर पाट आहे, मधली उंची त्यानेच चढवायची. आपल्याकडे हेड म्हटलं की हीच उंची डोळ्यासमोर येते.

हीटिंगची लाइन मात्र बंद असते, पाण्याने गच्च भरलेली, कुठेही उघडी नाही. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या पाइपने खाली उतरतं, आणि उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला वर ओढतं, रहाटाला दोन्ही बाजूला भरलेल्या बादल्या असाव्यात तसं. त्यामुळे उंची पंपासाठी शून्य. पंपाला झगडायचं असतं फक्त पाइपातल्या घर्षणाशी आणि व्हॉल्व्हच्या अडथळ्याशी. पंपावर ६ मीटर हेड लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तो ६ मीटर पाण्याच्या उंचीएवढ्या दाबाचं घर्षण सोसू शकतो, आणि तेही जवळपास शून्य फ्लोला, फ्लो वाढला की हेड उतरत जातं.

म्हणून विचारायच्या गोष्टी दोनच. सगळे लूप मिळून किती पाणी फिरायला हवं, आणि सगळ्यात अवघड लूपमध्ये घर्षण किती. मजले मोजू नका, एचपी तर विसरूनच जा, हे पंप ४०-५० वॅटच्या आतले असतात.

मग हिशोब कसा करायचा? मी काही इंजिनिअर नाही.

लागतही नाही, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो. समजा तळमजला ६० चौरस मीटर आहे आणि घराचं इन्सुलेशन बरं आहे, तर दर चौरस मीटरला ६० वॅट धरा. जुनं व्हिक्टोरियन घर, भिंतीत पोकळीच नाही, तर ८०-९० पर्यंत जाऊ शकतं, पण १०० च्या वर जमिनीतून निघणं कठीणच, कारण बसत्या-उठत्या जागेत जमिनीचा पृष्ठभाग २९ डिग्रीच्या वर नेऊ नये असं युरोपियन स्टँडर्ड सांगतं.

६० गुणिले ६० म्हणजे ३६०० वॅट. याला ०.८६ ने गुणा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातल्या फरकाने भागा. बॉयलर असेल तर फरक ७ डिग्री धरला तरी चालतो, उत्तर येतं तासाला साधारण ४४० लिटर, म्हणजे मिनिटाला सव्वासात लिटरच्या आसपास. हीट पंपाला फरक ५ चा धरतात, मग तेच ६२० लिटर होतं. हा झाला फ्लो.

आता घर्षण. पाइप १५० मिमी अंतराने टाकला असेल तर एका चौरस मीटरला साधारण पावणेसात मीटर पाइप लागतो. १५ चौरस मीटरच्या भागाला झाला १०० मीटरचा लूप, आणि १६ मिमीच्या पाइपाला यापेक्षा लांब लूप करूच नये. त्या लूपला ९०० वॅट द्यायचे तर तासाला ११० लिटर, मिनिटाला १.८. एवढ्या फ्लोला १०० मीटरमध्ये घर्षण साधारण सव्वा मीटर हेडचं होतं. मॅनिफोल्डचे व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटर मिळून अर्धा मीटर धरा, मिक्सिंग व्हॉल्व्हचा आणखी तीस-चाळीस सेंटिमीटर. एकूण दोन मीटरच्या जरा वर.

लक्षात घ्या, बाकीच्या लूपचं घर्षण यात मिळवायचं नाही. लूप एकमेकांना समांतर असतात, पंपाला फक्त सगळ्यात वाईट लूप पार करायचा असतो, बाकीचे त्याच दाबात आपोआप येतात. अनेक जण पाचही लूपची लांबी जोडतात, ४०० मीटर म्हणतात आणि राक्षसी पंप घेऊन येतात.

तर ह्या घराला ४ मीटरवालासुद्धा पुरला असता. बाजारात मॅनिफोल्डसोबत बहुतेक ६ मीटरवालाच येतो, तो घ्या आणि सेटिंग खाली ठेवा, काही बिघडत नाही.

पण मोठा घेतला तर काय वाईट? असू दे की ताकद जास्त.

आमच्याकडे हेच झालं. किचनचा मागचा कोपरा, बागेच्या दाराजवळचा, कायम गार. आई आली होती डिसेंबरमध्ये, तिला खुर्चीपेक्षा खाली बसून भाजी निवडायची सवय, ती त्या कोपऱ्यात मेथी घेऊन बसली आणि म्हणाली अरे इथली फरशी तर गार लागतेय, तुमचं हे चालू आहे ना? ज्याने काम केलं होतं तो म्हणाला पंप कमी पडतोय, आणि ८ मीटरवाला लावून गेला. पैसे गेले, रात्री हॉलमध्ये शूं असा आवाज सुरू झाला, आणि कोपरा होता तसाच गार.

मग मी एक दिवस जिन्याखालचं कपाट उघडून मॅनिफोल्डसमोर टॉर्च घेऊन बसलो. प्रत्येक लूपच्या वर काचेची छोटी नळी असते, आत लाल खूण खाली-वर होते, ० ते ५ लिटर. हॉलच्या लूपची खूण साडेतीनवर होती. हॉलचा लूप ४० मीटरचा, त्याला पाऊण लिटरसुद्धा पुष्कळ. आणि किचनच्या मागच्या लूपला १.८ हवं तिथे अर्ध्यावर अडकलेली, कारण त्याचा व्हॉल्व्ह कोणी अर्धा बंद करून पुन्हा उघडलाच नव्हता. हॉलचा आवळला, किचनचा उघडला, लाल खूण हळूहळू वर सरकताना डोळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा गरम.

मोठ्या पंपाने काय होतं तर ज्या लूपमधून पाणी आधीच सुसाट जातंय तिथून आणखी सुसाट जातं. आणि फ्लो दुप्पट करायचा तर घर्षण तिप्पट-चौपट होतं, म्हणजे वीज जास्त, आवाज जास्त. जमिनीला मिळणारी उष्णता मात्र थोडीच वाढते, कारण ती पाण्याच्या वेगापेक्षा पाण्याच्या तापमानावर जास्त अवलंबून असते.

पंपावर २५-६० १३० असं लिहिलंय, म्हणजे काय?

पहिला आकडा जोडणीचा, २५ म्हणजे पंपावर दीड इंची आटे. १५ असेल तर एक इंची. मधला ६० म्हणजे जास्तीत जास्त हेड ६ मीटर, ४० असेल तर ४ मीटर. काही कंपन्या तेच २५/६ असं लिहितात. शेवटचा १३० म्हणजे पंपाच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. मॅनिफोल्डवर बहुतेक १३० असतो, जर्मनीकडे बऱ्याच ठिकाणी १८० चा दिसतो.

पंप बदलताना सगळ्यात आधी हा शेवटचा आकडा बघा. हेड थोडं जास्त असलं तर सेटिंगने कमी करता येतं, पण ५० मिमीची फट सेटिंगने भरत नाही, आणि जानेवारीत शनिवारी संध्याकाळी चुकीचा पंप हातात घेऊन उभं राहणं फार वाईट.

कॉन्स्टंट प्रेशर, प्रपोर्शनल प्रेशर, फिक्स्ड स्पीड, यातलं कुठलं मोड ठेवायचं?

अंडरफ्लोअरला कॉन्स्टंट प्रेशर.

कारण असं की प्रत्येक खोलीच्या थर्मोस्टॅटप्रमाणे मॅनिफोल्डवर लूपचे व्हॉल्व्ह हलवणारे छोटे विजेचे अ‍ॅक्च्युएटर उघडतात आणि बंद होतात. समजा पाचातले तीन लूप बंद झाले. कॉन्स्टंट प्रेशरमध्ये पंप दाब तेवढाच ठेवतो आणि वेग कमी करतो, त्यामुळे उरलेल्या दोन लूपला पूर्वीइतकंच पाणी मिळतं. प्रपोर्शनलमध्ये फ्लो कमी झाला की पंप दाबही उतरवतो, ते रेडिएटरच्या लांब पाइपलाइनसाठी बरोबर आहे कारण तिथे घर्षण बरंचसं सामायिक पाइपात असतं, इथे मात्र सगळं घर्षण लूपच्या आत आहे, मग उरलेल्या लूपची उपासमार होते. फिक्स्ड स्पीडमध्ये उलटं, तीन बंद झाले की दोनमध्ये पाणी घुसतं आणि आवाज येतो.

सेटिंग सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू करा. सगळे लूप उघडे ठेवा, सगळ्यात लांब लूपला हवा तो फ्लो मिळतोय का बघा, मिळत नसेल तर एक पायरी वर. आमचा पंप डिस्प्लेवर वॅट दाखवतो, पूर्वी ३८ दिसायचे, आता ११ दिसतात.

जुना तीन स्पीडचा पंप पडून आहे, तोच लावू का?

चालेल का तर फिरेल. पण ते पंप टॉप स्पीडला ६० ते ९० वॅट खातात आणि लूप बंद झाले तरी तेवढंच ढकलत राहतात. ऑक्टोबर ते एप्रिल धरले तर ५००० तास होतात, ७० वॅटचा पंप सतत चालला तर ३५० युनिट, नवा १५ वॅटवर चालला तर ७५ युनिट. युरोपात १ जानेवारी २०१३ पासून सुटे विकले जाणारे असे पंप कार्यक्षमतेच्या नियमाखाली आले आणि ऑगस्ट २०१५ पासून तो आणखी कडक झाला, पंपाच्या पट्टीवर ईईआय, म्हणजे कार्यक्षमतेचा निर्देशांक, लिहिलेला असतो तो ०.२३ किंवा त्याहून कमी हवा. कमी आकडा म्हणजे चांगला पंप.

कुठल्या कंपनीचा घेऊ?

ग्रुंडफॉस डेन्मार्कची, १९४५ पासूनची, आणि विलो जर्मनीतल्या डॉर्टमुंडची. इथल्या बहुतेक मॅनिफोल्डवर या दोघींपैकी एकीचा पंप दिसतो आणि दोन्ही चांगल्या. पुण्याच्या लोकांनी मॅथर अँड प्लॅटचं नाव ऐकलेलं असेल, ती आता विलोकडेच आहे. माझं मत विचाराल तर ब्रँडपेक्षा हे बघा की तुमच्या गावातल्या प्लंबिंगच्या दुकानात तो पंप शेल्फवर असतो का. हिवाळ्यात बंद पडला तर ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून चार दिवस कोणी थांबत नाही.

भारतात बाथरूमला लावतात तो प्रेशर बूस्टर पंप चालेल का?

चुकूनही नको. तो नळ उघडला की चालू होतो आणि बंद केला की बंद, टाकीतलं गार पाणी जोरात द्यायला बनवलेला आहे. सर्क्युलेशन पंपाला महिनोन् महिने सतत, आवाज न करता, गरम पाण्यात फिरायचं असतं.

बसवताना काय सांभाळायचं?

पंपाचा शाफ्ट, म्हणजे मोटरचा आस, कायम आडवा हवा. पाइप उभा असो की आडवा, मोटरचं तोंड वर किंवा खाली नको. हे वेट रोटर पंप असतात, आतलं बेअरिंग लाइनमधल्या पाण्यानेच ओलं राहतं, वर तोंड केलं तर हवा तिथे साठते आणि बेअरिंग कोरडं फिरून खराब होतं. वायरिंगची पेटी खालच्या बाजूला येऊ देऊ नका, एखादा थेंब गळला तर थेट तिच्यात जाईल. बॉडीवर बाण असतो तो पाणी जाण्याच्या दिशेला. दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह नसतील तर आत्ताच लावून घ्या, नाहीतर पुढे पंप बदलताना अख्खी सिस्टिम रिकामी करावी लागेल.

पंप कोरडा चालवून बघू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही. आधी एकेक लूप उघडून, बाकीचे बंद ठेवून, होसपाइपने पाणी सोडून हवा काढायची, बादलीत बुडबुडे यायचे थांबले की पुढचा लूप. मग प्रेशर १ ते १.५ बार, आणि मगच पंप चालू. इलेक्ट्रिकचं काम जाणकाराकडून करा, इथे ३ अँपिअरच्या फ्यूज्ड स्परवर, म्हणजे स्वतःचा फ्यूज असलेल्या जोडणीवर, देतात. बॉयलरच्या आतल्या गॅसला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला, माणूसच.

एक खोली गार आहे, पंप गेला का?

बहुतेक वेळा नाही. सगळ्याच खोल्या गार असतील तर पंपाकडे बघा, एकच असेल तर त्या लूपकडे. मी या क्रमाने बघतो: त्या लूपच्या फ्लोमीटरची खूण हलतेय का, अ‍ॅक्च्युएटर खरंच उघडलाय का, हवा अडकलीय का, आणि मग मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला रिटर्नच्या पाइपांना एकेक करून हात लावून बघायचं. जो पाइप बाकीच्यांपेक्षा गार, त्याच्यातून पाणी कमी येतंय. जो जवळजवळ वरच्या पाइपाइतकाच गरम, तो जास्त ओढतोय, तो आवळा. एकदा आवळलं की चार-पाच तास थांबा, स्क्रीड जाड असतं, लगेच उत्तर देत नाही. लोक दर अर्ध्या तासाने फिरवत बसतात आणि शेवटी काय बदललं तेच कळत नाही.

पाणी काळं निघालं, पंपाला त्रास होईल का?

हो, नव्या पंपांना जास्तच. त्यांच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं आणि ते काळं म्हणजे लोखंडाचा गंज, मॅग्नेटाइट, तो चुंबकाला जाऊन चिकटतो. जुन्या स्टीलच्या रेडिएटरच्या लाइनवरच अंडरफ्लोअर जोडलं असेल तर आधी सिस्टिम फ्लश करा, रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर लावा आणि इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घाला. आणि पाइप ऑक्सिजन बॅरिअरवालाच घ्या. साध्या प्लॅस्टिकमधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो आणि पंपाची कास्ट आयर्न बॉडी, रेडिएटर, सगळं आतून गंजत राहतं.

उन्हाळाभर बंद होता, आता गुणगुणतोय पण फिरत नाही.

अडकलाय. जुन्या पंपांना समोर मधोमध मोठा स्क्रू असतो, वीज बंद करून तो काढा, खाली फडकं धरा कारण थोडं पाणी येईल, आत शाफ्टच्या टोकाला खाच असते ती स्क्रूड्रायव्हरने हळू फिरवा. बऱ्याच नव्या पंपांना हा स्क्रूच नसतो, ते स्वतःच झटके देऊन सुटायचा प्रयत्न करतात, त्यांना थोडा वेळ द्या. वायरिंग सेंटरमध्ये, म्हणजे थर्मोस्टॅट आणि पंपाच्या वायरी जिथे जोडतात त्या पेटीत, पंप एक्सरसाइजची सोय असेल तर चालू करून ठेवा, उन्हाळ्यातही मधूनमधून काही मिनिटं पंप फिरतो. मेन स्विच मात्र मेमध्ये बंद करू नका, नाहीतर ही सोय असून उपयोग नाही.

नवीन स्क्रीड टाकलंय, पंप कधी चालू करायचा?

सिमेंटचं असेल तर किमान २१ दिवसांनी, अ‍ॅनहायड्राइटचं (कॅल्शियम सल्फेटचं) असेल तर ७ दिवसांनी, किंवा स्क्रीडवाला जास्त सांगत असेल तर त्याचं ऐका. सुरुवात २५ डिग्रीच्या पाण्याने, तीन दिवस तसंच ठेवायचं, मग नेहमीच्या कमाल तापमानाला चार दिवस. हे सगळं चालू असतानाच प्रत्येक लूपचा फ्लो, पंपाचं मोड आणि सेटिंग, मिक्सिंग व्हॉल्व्हचा आकडा एका कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडे तो कागद आहे, किचन मागे १.८, हॉल ०.७, आणि बॉयलर सर्व्हिसला येणारा माणूस पंपाला हात लावायच्या आधी तो वाचतो.